वादात सापडलेली चित्रं आपल्या गावात दाखवायची कशी? (सोलापूर)

कार्डपंच

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतो, लिहायची वेळ क्वचित येते. गेल्या पंधरवड्यात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आजोबा मागावर होते, वडील जेकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) कार्डं पंच करायचे, मी तेच काम आता कॉम्प्युटरवर करतो: चादरींची आणि वॉलहँगिंगची डिझाईनं. चित्रकला शिकलेलो नाही. पण ज्याचं पोट ग्राफ पेपरच्या चौकोनांवर चालतं त्याला बघायची एक शिस्त लागते. कार्डाला एक भोक चुकीचं पडलं की नको तो हुक उचलला जातो आणि मोराच्या मानेत एक दोरा वर येतो. मग शंभर चादरींत तो शंभर वेळा तिथेच येतो. वडील म्हणायचे, आधी अख्खा ग्राफ लांबून बघ, मग चौकोन मोज.

दोन वर्षं झाली, महिन्यातून एकदा कारखान्याच्या वरच्या खोलीत मी चित्रं दाखवतो. प्रोजेक्टर सेकंडहँड आहे. पडदा म्हणजे पांढरी डबल चादर, दोन खिळ्यांना ताणून बांधलेली. पंधरा-वीस माणसं येतात. मागवाले, दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, विडी वळणाऱ्या चार-पाच बायका, कॉलेजची पोरं. निसर्गचित्रं मुद्दाम टाळतो, ती कॅलेंडरवर दिसतातच. जी बघून माणूस चिडतो, लाजतो, नाही तर 'ह्यात काय आहे?' म्हणतो, ती दाखवतो. कारण अशा चित्रापुढे माणूस गप्प बसू शकत नाही, बोलायला लागतो. मला ते बोलणं हवं असतं.

माणसं वाढली तशी खोली पुरेना. गावातल्या एका संस्थेने आपला हॉल देऊ केला. मला इतका आनंद झाला की मी विषयही मोठा घेतला: अकबर पदमसी. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात पंचविशीतल्या पदमसींचं पहिलं एकल प्रदर्शन लागलं होतं. त्यातल्या प्रेमी युगुलाच्या चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला. एका उघड्या स्त्रीच्या स्तनावर पुरुषाचा हात आहे, एवढंच. काढून टाका म्हणाले, पदमसींनी काढली नाहीत. अटक झाली, खटला चालला. मॅजिस्ट्रेटने निर्दोष सोडलं, सरकार हायकोर्टात गेलं, तिथेही पदमसीच जिंकले.

आदल्या दिवशी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बघत होतो. मदतीला आलेल्या पोराने कौतुकाने मोबाईलवर फोटो काढला आणि मित्राला पाठवला. त्या मित्राने, की पुढच्या कुणी, त्यातला हात आणि छाती तेवढी ठेवली, बाकी कापलं आणि ग्रुपवर टाकलं. रात्री साडेनऊला फोन आला. "उद्याचं रद्द समजा. आमच्या हॉलमध्ये असलं नको." मी म्हटलं, पूर्ण चित्र बघा तरी. ते म्हणाले, बघितलंय की.

त्यांनी बघितलं नव्हतं. पूर्ण चित्रातली ती दोन माणसं ताठ उभी आहेत, जवळजवळ अवघडलेली. चेहरे गंभीर. फोटो कापला तेव्हा नेमके चेहरेच गेले.

चार दिवसांनी तेच चित्र मी वरच्या खोलीत दाखवलं. आधी सांगितलं की उघडं चित्र आहे, ज्यांना नको त्यांनी खाली चहा घ्या. कुणी उठलं नाही. बराच वेळ शांतता. मग विडीवाल्या अक्कांपैकी एकजण म्हणाल्या, "लग्न झाल्यावर स्टुडिओत नवरा-बायकोला उभं करतात बघा, तसं उभारलेत की हे दोघं. हात ठेव म्हटलं म्हणून ठेवलाय, पण भ्यालाय तो." त्यांच्या मांडीवर सूप होतं, बोटं तंबाखूने पिवळी. बोलताना हात थांबला नाही, पान कापून झालं, जर्दा भरला, दोरा गुंडाळला. त्या चित्राबद्दल मी जेवढं वाचलंय त्यात 'भ्यालाय' हा शब्द मला कुठे भेटला नव्हता. आता मला त्या चित्रात तेवढंच दिसतं.

तेव्हा विचारायचंय ते असं. अशी चित्रं लोकांपुढे ठेवावीत ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ठेवायची कशी? हॉल मागायचा का? मोबाईलवर पाठवायची की नाही? आधी काय सांगायचं, किती सांगायचं? तुमच्या गावात कुणी करतं का असं? आणि कुणाला वाटत असेल की मी चुकलो, तर तेही स्पष्ट लिहा.

हिप्परगा

मी त्या खोलीत चार-पाच वेळा बसलोय. तिथल्यासारखं बघणं मला पुण्या-मुंबईच्या गॅलरीतही जमलं नाही. तिथे लोक हळू आवाजात बोलतात आणि पुढे सरकतात.

मोबाईलबद्दल सांगतो, माझं कामच त्यातलं. तिथे बघणारं माणूस नसतं, यंत्र असतं, आणि यंत्र कातडी मोजतं. व्हिएन्नाच्या संग्रहालयात विलेन्डॉर्फची व्हीनस आहे, जेमतेम ११ सेंटिमीटरची, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीची दगडी बाई. तिचा फोटो फेसबुकने काढून टाकला होता. २०१८ साली बोभाटा झाल्यावर चूक झाली म्हणाले. व्हिएतनामच्या लढाईत भाजलेली, अंगावर कपडा नसलेली पोर रस्त्याने पळतेय तो १९७२ चा फोटो सगळ्यांना माहीत आहे. २०१६ मध्ये तोही काढला होता, नॉर्वेत गदारोळ उठला तेव्हा परत ठेवला. शेवटी २०२१ मध्ये व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळाने कंटाळून संग्रहालयांतली नग्नचित्रं प्रौढांसाठीच्या संकेतस्थळावर नेऊन ठेवली.

माझं मत, खोली सोडू नका. आणि फोटो काढू नका हे दारातच सांगा.

रेघ

कार्डपंच दादा, तुमची तळमळ पोचली. मी शाळेत चित्रकला शिकवते, अक्कलकोट रोडला राहते. माझं म्हणणं थोडं टोचेल, पण लिहिते.

'धीट चित्र' म्हटलं की आपल्यापुढे उघडी बाईच का येते? पदमसी, सूझा, हुसेन, रंगवणारे पुरुष, दाखवणारे पुरुष, चिडणारे पुरुष, आणि वाचवायला येणारेही पुरुष. मधे बाई उभी आहे आणि तिला कुणी काही विचारत नाही. न्यूयॉर्कमध्ये 'गोरिला गर्ल्स' नावाचा बायकांचा गट आहे, गोरिलाचे मुखवटे घालून फिरतात, नावं सांगत नाहीत. १९८९ साली त्यांनी एक पोस्टर काढलं. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शिरायला बाईला कपडे उतरावे लागतात का, असा सरळ प्रश्न. त्यांनी मोजदाद केली होती: आधुनिक विभागातल्या कलावंतांत बायका ५ टक्क्यांहून कमी, आणि नग्नचित्रांत बायका ८५ टक्के. हे पोस्टर तुमच्या चादरीवर आधी लावा. त्यात अंग फार नाही, पण डिवचण्याची ताकद पदमसींपेक्षा जास्त आहे.

अमृता शेरगिलने १९३४ मध्ये स्वतःलाच उघडं रंगवलं, ताहितीची बाई म्हणून. फ्रेंच चित्रकार गोगँने जसं त्या बेटावरच्या बायकांना रंगवलं होतं, तसं. मागे भिंतीवर एका पुरुषाची सावली आहे. चित्रातली बाई आपल्याकडे बघत नाही, नजर बाजूला आहे. हे चित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या स्टाफरूममधल्या कपाटाच्या दाराआड पुस्तक उघडून उभी होते. वय चौतीस, नोकरीला बारा वर्षं झालेली, आणि लपून बघत होते. त्याचा राग अजून गेला नाही.

आणखी एक. आपण हे सगळं पॅरिस-न्यूयॉर्कहून आलं असं का मानतो? तेरच्या उत्खननात लज्जागौरी सापडल्या आहेत. तेर आपल्यापासून दोन तासांच्या आत. डोक्याच्या जागी कमळ, पाय फाकवून बसलेली, बाळंत होणारी आई. बदामीच्या संग्रहालयातली तर अप्रतिम आहे. संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर आयुष्यातली वर्षं घालवली. ती मूर्ती आजच्या चित्रांशेजारी ठेवून दाखवा. मग बोला.

पार्क_चौक

मला हे पटत नाही. शिवीगाळ करायला आलेलो नाही, पटत नाही एवढंच सांगतो.

सोलापूरची अवस्था बघा. गिरण्या गेल्या, जुनी गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. घरटी एक पोरगं पुण्याला. नळाला पाणी रोज येत नाही. आणि आपण खोलीत बसून बाईच्या अंगावरचा हात बघणार. माझी आई रोज सकाळी सिद्धेश्वराला जाते. तिला तुम्ही काय दाखवणार? लोकांना दुखवून काय मिळतं?

दाखवायचंच असेल तर आपल्या मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे दाखवा. काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलीने काढतात, लुगड्याची चुणी न् चुणी मोजून घ्यावी. घरातले सगळे बसून बघतात. कलेने सुख द्यावं.

कार्डपंच

रेघताई, पहिल्यांदा तुम्हाला. तुमचं टोचलं आणि बरोबर ठिकाणी टोचलं. दोन वर्षांची वही काढून बघितली. बावीस बैठकांत बाईने काढलेली चित्रं फक्त तीनदा. हे कुणी दाखवून दिलं नसतं तर मला कळलं नसतं. पुढची बैठक शेरगिल आणि ते पोस्टर. लज्जागौरीची माहिती तुम्ही येऊन सांगाल का? मी प्रोजेक्टर सांभाळतो.

पार्क चौक साहेब, तुम्ही रागावून निघून न जाता लिहिलंत ह्याचं मोल आहे. धोत्रेंची चित्रं आम्ही दाखवलीत, लोक हरखून जातात, मीही जातो. पण पाण्याचं आणि पोटाचं बोललात म्हणून एक प्रसंग सांगतो.

चीनचा कलावंत आय वेवे. त्याने २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये, वीजघराच्या जुन्या टर्बाईन हॉलमध्ये जमिनीवर सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. दहा कोटी. वजन दीडशे टन. लांबून राखाडी रेताड. जवळ गेलं की बिया, आणि हातात घेतली की कळतं, बी नाहीच, चिनी माती आहे. एकेक बी भाजलेली, एकेकीवर हाताने रेघा ओढलेल्या. जिंगदेझेन हे चीनमधलं चिनी मातीच्या भांड्यांचं जुनं गाव, राजघराण्याला भांडी पुरवणारं. तिथल्या सुमारे १६०० कारागिरांनी हे काम केलं.

मी हे दाखवलं आणि पुढे बोलणार होतो: माओच्या काळात त्याला सूर्य आणि जनतेला सूर्यफुलं म्हणत, वगैरे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक वयस्कर मागवाले अण्णा म्हणाले, "मजुरी काय दिला त्यांना? नगावर का रोजावर?"

खोली एकदम जागी झाली. एका बीवर तीन-चार रेघा, तर दिवसाला किती होतील? राजाची भांडी बंद झाल्यावर गाव काय करत होतं? काम संपल्यावर ती माणसं परत रिकामी बसली का? आमच्यातल्या प्रत्येकाला ते गाव माहीत असल्यासारखं झालं. मग मी सांगितलं की सुरुवातीला लोकांना त्या बियांवरून चालायला दिलं होतं, पण चिनी मातीची धूळ उडायला लागली, फुप्फुसाला धोका म्हणून थोड्याच दिवसांत दोरी बांधून बंद केलं. तेव्हा तेच अण्णा खोकत उठले, खिडकीपाशी गेले. चाळीस वर्षं सुताची धूळ खाल्लेला माणूस. म्हणाले, "बघणाऱ्यांसाठी बांधला दोरी. रंगवणाऱ्यांसाठी?"

साहेब, ही पोटाचीच चर्चा होती. त्या रात्री मी घरी गेलो तेव्हा वडिलांच्या खोकल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी नीट बोललो. सुख देणाऱ्या चित्राने मला हे करायला लावलं नसतं.

केळीची_बाग

करमाळा तालुका. आमच्या भागात केळी परदेशी जाते, म्हणून ते भिंतीला चिकटवलेलं केळं विचारतो. तेही दाखवता का? आम्हाला राग येतो त्याचा.

कार्डपंच

दाखवलंय दादा. इटलीचा कलावंत मौरित्सिओ कातेलान, २०१९, मायामी. राग येणं बरोबर आहे आणि तो तिथेच थांबवू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ६२ लाख डॉलरला गेलं. घेणाऱ्याने पत्रकारांपुढे सोलून खाल्लं. पण जे केळं लिलावाला लावलं होतं ते त्याच दिवशी लिलावघराबाहेरच्या गाड्यावरून ३५ सेंटला घेतलं होतं. विकणारा बांगलादेशातून आलेला म्हातारा, गाडाही त्याचा नाही, पगारी. एका वार्ताहराने जाऊन त्याला किंमत सांगितली तेव्हा तो रडला. माझ्या मते चित्र तिथे पूर्ण होतं, गाड्यापाशी.

केळीची_बाग

हे माहीत नव्हतं. आमच्या पॅकहाऊसमध्ये घड धुणाऱ्या पोरांना सांगतो आज.

सात_रस्ता_वकील

कायद्याचं थोडं लिहितो, कारण हॉलवाले घाबरतात ते बहुतेक वेळा कायद्याच्या नावाने, आणि कायदा तसा नाही.

अश्लीलतेचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेचं २९२. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. त्या कलमातच अपवाद लिहिलाय: कला, साहित्य, विज्ञान, विद्या ह्यांच्या हितासाठी जे सार्वजनिक भल्याचं आहे ते वगळलेलं. मंदिरावरची शिल्पं वगळलेली. इतकंच नाही, देव वाहून नेणाऱ्या रथावरचं कोरीवकामसुद्धा नाव घेऊन वगळलंय. मार्कंडेयाच्या रथाचे दोर ओढणाऱ्या आपल्या गावाला हे माहीत असावं. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की ह्या देशात उघडं शरीर देवळाबाहेर नाही, देवळावर आहे.

आता कापलेल्या फोटोबद्दल, तो मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे बरीच वर्षं इंग्लंडमधली १८६८ ची हिक्लिन कसोटी चालायची. कच्च्या मनाचा माणूस बिघडेल का, हे तिचं मोजमाप, आणि त्यासाठी कलाकृतीतला एखादा तुकडा वेगळा काढून तपासला तरी चालायचं. १९६४ च्या रणजित उदेशी खटल्यात सुप्रीम कोर्टाने थोडा बदल करून तीच वापरली. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती सोडून दिली. प्रकरण होतं टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या फोटोचं, वर्णद्वेषाच्या विरोधात काढलेला फोटो. कोर्ट म्हणालं, चित्र आणि त्याचा संदेश एकत्र बघा, आणि आजच्या समाजाच्या नजरेने बघा. म्हणजे ज्याने तुमचा फोटो कापला त्याने १८६८ ची कात्री वापरली.

पदमसी आणि सूझा ह्यांचं तर आत्ताचं आहे. दोघांच्या मिळून सात कलाकृती परदेशातून आणल्या होत्या, कस्टम्सने २०२३ मध्ये अश्लील म्हणून अडकवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या सोडायला लावल्या. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं. १९५४ ला सत्तर वर्षं झाली तरी.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मोबाईलवरून पाठवलंत की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ येतं, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. शेवटी सुटाल, पण सुटेपर्यंत पायऱ्या झिजवाल. खोलीत, प्रौढांसमोर, आधी सांगून, चर्चेसह दाखवणं सगळ्यात उत्तम.

पार्क_चौक

वकीलसाहेब, कायदा समजला. पण कोर्टात सुटलं म्हणून आईच्या मनातून सुटतं असं नाही. हुसेनचंही कोर्टात सुटलं होतं ना?

सात_रस्ता_वकील

हो, सुटलं होतं. ८ मे २००८ रोजी दिल्ली हायकोर्टाने खटले रद्द केले, सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. आणि तरी तो माणूस परत येऊ शकला नाही. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११ च्या जूनमध्ये लंडनमध्ये वारला. जन्म आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १९१५ चा. तुमचं म्हणणं म्हणूनच मी झटकत नाही. कोर्ट पुरत नाही.

पण तिथेही तेच झालं होतं हे लक्षात घ्या. ज्यांवरून वाद पहिल्यांदा पेटला ती देवदेवतांची रेखाचित्रं १९७० च्या दशकातली. वीस वर्षं कुणाला त्रास नव्हता. १९९६ मध्ये एका मासिकाने ती उचलून भडक लेखासोबत छापली, आणि ज्यांनी कधी हुसेनचं एक चित्र बघितलं नव्हतं त्यांनी ती त्या लेखातून बघितली. चित्राशेजारी उभं राहून कोण बोलतंय, ह्यावर सगळं ठरलं.

मंगळवेढेकर

उशिरा आलो धाग्यावर. सगळं अंगाभोवतीच फिरतंय म्हणून लिहितो. आमच्यासारख्यांना डिवचणारं चित्र वेगळंच असतं.

नागपूरचे सवी सावरकर. त्यांच्या चित्रांत काळी, जाड रेघेची माणसं आहेत, गळ्यात मडकं, हातात झाडू. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं, पाऊल पुसायला झाडू. देवदासी आहेत. कपडे असोत नसोत, बघणाऱ्याला मान वर करता येत नाही. ही चित्रं एकदा मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. जवळच्या माणसाने फोन केला, "आता बरं चाललंय की आपलं, कशाला परत ते काढतोस?" तो चिडला नव्हता, रडवेला झाला होता. चोखोबा आमच्या वेशीचं कुसू बांधताना दरडीखाली गेले, ते गाव आमचं. विसरायचं म्हटलं तरी भिंत तिथे आहे.

दुसरं, स्वतःचं शरीरच कलाकृती म्हणून लोकांपुढे ठेवणारी मरीना अब्रामोविच. १९७४, इटलीतलं नेपल्स. टेबलावर ७२ वस्तू ठेवल्या: गुलाब, मध, कात्री, चाकू, पिस्तूल आणि गोळी. सहा तास मी वस्तू आहे, काय हवं ते करा. सुरुवातीला लोकांनी फुलं दिली, मग कपडे कापले, कातडी कापली, पिस्तूल डोक्याला लावलं. वेळ संपल्यावर ती चालत त्यांच्याकडे निघाली तेव्हा लोक पळाले. हे वाचलं तेव्हा मला आमच्या बाजारातला पोतराज आठवला. कमरेला घागरा, बाई डोक्यावर देव्हारा घेऊन ढोलकं वाजवतेय, आणि तो आसूड स्वतःच्या उघड्या पाठीवर ओढतोय. लहानपणी मी पाच पैसे टाकून पळायचो, त्याची नजर आपल्यावर पडायच्या आत. तेही लोक तसेच पळाले असतील. पण त्या बाईचं नाव जगाला माहीत झालं, आणि आमच्या पोतराजाने आसूड टाकावा म्हणून चळवळ करावी लागली. दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवून बघितलं पाहिजे. एकीवरून दुसरी पुसू नये.

रेघ

मंगळवेढेकर, हे तुम्ही खोलीत येऊन बोला. मी माझ्या लज्जागौरीची वेळ तुम्हाला देते.

हिप्परगा

+१

कार्डपंच

मंगळवेढेकर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नातेवाइकाचा तो फोन मला सोडत नाही. आत्तापर्यंत मी समजत होतो की दुखावतात ते बाहेरचे, हॉलवाले. ज्याचं दुःख चित्रात आहे तोच दुखावला तर काय करायचं, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. सावरकरांची चित्रं तुमच्याशिवाय मी दाखवणार नाही. तुम्ही शेजारी उभे राहा, मी बटण दाबतो.

बाकी, तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यातून पुढचं ठरवलं ते लिहितो. हॉल पुन्हा मागणार नाही, निदान हे वर्षभर. मोबाईल दारात टोपलीत. मोबाईलवर चित्र पाठवायचं नाही, फक्त चित्रकाराचं नाव, साल आणि वेळ. उघडं काही असेल तर आधी शब्दांत सांगायचं, जायला पाच मिनिटं द्यायची. पहिली पाच मिनिटं चित्रावर कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा. तुकडा मोठा करून दाखवायचा तो शेवटी, आणि परत पूर्ण चित्रावर येऊनच दिवा लावायचा. आणि प्रत्येक बैठकीला एक माणूस असा, ज्याला ते चित्र आवडत नाही आणि का ते सांगता येतं.

ज्या पोराने फोटो काढला होता तो काल आला. दारात उभा, वर येईना. मी म्हटलं, ये, प्रोजेक्टर तूच लाव. त्याने लावला.

पार्क_चौक

न आवडणारा माणूस हवा असेल तर मी आहे. शेरगिलच्या दिवशी येतो. मत बदलेलच असं समजू नका.

आईला विचारलं. म्हणाली, देवळाच्या भिंतीवर काय आहे ते मला माहीत नाही का, पाठ वळवून प्रदक्षिणा घालते का मी? तीही यायचं म्हणते. गुडघे दुखतात तिचे, जिना कसा आहे?

कार्डपंच

लोखंडी आहे, चौदा पायऱ्या, उजव्या हाताला कठडा. मधे टेकायला जागा आहे, तिथे खुर्ची ठेवतो. सहाला माग बंद होतात, त्यानंतर आवाज नसतो. सव्वासहाला या, म्हणजे मावशींना खिडकीजवळची जागा मिळेल.